आठवीचा वर्ग, ५६ मुलं : गटकार्यात एकच मुलगी काम करते, बाकीचे बघत बसतात. काय करावं?

वेण्णाकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी साताऱ्याजवळच्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, आठवी-नववी. यंदा आठवी ब मध्ये ५६ मुलं आहेत, बाक कमी आहेत त्यामुळे तिघं-तिघं एका बाकावर. 'आरोग्य व रोग' हा धडा गेल्या आठवड्यात गटात घ्यायचं ठरवलं, आठ-आठ जणांचे सात गट केले, प्रत्येक गटाला एक रोग दिला आणि तक्ता करायला सांगितला. झालं काय, तर प्रत्येक गटात एक मुलगी स्केचपेन घेऊन लिहितेय, दुसरी बॉर्डर काढतेय, एक मुलगा कागद धरून बसलाय आणि राहिलेले पाच जण खिडकीतून बाहेर. तक्ते सुंदर झाले, भिंतीवर लावले, मुख्याध्यापकांनी कौतुक पण केलं. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं की डेंग्यूचा डास कुठल्या पाण्यात वाढतो, तर ज्या गटाने तोच तक्ता केला होता त्यातल्याच चौघांनी सांगितलं गटारीच्या. आणि तक्त्यावर लाल अक्षरात 'स्वच्छ साठलेले पाणी' असं लिहिलेलं होतं, त्यांच्या डोक्यावरच लावलेला होता तो.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तक्ता झाला, शिकणं झालंच नाही.

दुसरं म्हणजे 'समजलं का' विचारलं की सगळे एका सुरात 'हो बाई'. आणि वह्या म्हणाल तर फळ्यावरचं जसंच्या तसं, स्वतःचा एक शब्द नाही. मुलांनी थोडं थांबून आपण काय शिकलो ते बघावं, नीट मांडावं आणि एकमेकांना मदत करावी एवढंच पाहिजे. ५६ मुलांत, ३५ मिनिटांच्या तासात हे कुणी खरंच करतंय का? केलेलं असेल तेच सांगा प्लीज, प्रशिक्षणात ऐकलेलं नको.

विटा_गणित
मॅडम, मी स्पष्टच बोलतो. १८ वर्षं गणित शिकवतोय. पोर्शन, चाचण्या, स्कॉलरशिपचे जादा तास, त्यात मध्येच ऑनलाइन माहिती भरा म्हणून फोन. यात गटकार्याला वेळ कुठनं काढायचा? फळ्यावर नीट समजावून सांगितलं, भरपूर गणितं सोडवून घेतली की मुलं शिकतात असा माझा अनुभव आहे. गटात गप्पाच जास्त होतात.

भूगोल_मिरज
सर, गप्पा होतात कारण गटाला दिलेलं काम एकट्याने पण होण्यासारखं असतं. तक्ता एकच, पेन एकच, म्हणजे काम एकाचंच की हो. बाकीच्यांनी करायचं काय?

वेण्णाकाठ मॅडम, मी जिगसॉ करतो, आम्ही वर्गात त्याला 'तुकडे पद्धत' म्हणतो. ही मूळ एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांची, १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात त्यांनी सुरू केली. तिथं तेव्हा गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि वर्गात भांडणं चालली होती. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा दिला. दुसऱ्याचा तुकडा ऐकल्याशिवाय धडा पूर्ण होतच नाही, म्हणजे ज्याच्याशी बोलायचं नाही म्हणून ठरवलंय त्याचं पण ऐकावंच लागतं.

मी महापुरावर केलं ते सांगतो. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पोरांना तोंडपाठ असते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : पाणी इतकं का चढलं? पाच-पाच जणांचे गट. एकाला फक्त कोयनेची माहिती, धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट), नदी कराडला कृष्णेला मिळते वगैरे. दुसऱ्याला वारणा. तिसऱ्याला कृष्णा स्वतः आणि वरची धोम, कण्हेर ही धरणं. चौथ्याला आपल्या भागातला पाऊस आणि ओढे-नाले. पाचव्याला नदीचं पात्र, पूररेषेतली बांधकामं, खालच्या बाजूला पाणी का तुंबतं ते. आधी सगळे १ नंबरवाले एकत्र बसले, सगळे २ नंबरवाले एकत्र, दहा मिनिटं आपापला तुकडा एकमेकांकडून पक्का करून घेतला आणि मग आपल्या मूळ गटात परत जाऊन सांगितला.

वारणेच्या मुलाला गटातल्या एकीने विचारलं, 'वारणा तर हरिपूरला मिळते, पुलाच्या खालच्या अंगाला, मग तिचं पाणी वर पुलाला कसं काय चढतंय?' मी मुद्दाम गप्प बसलो. तो पोरगा दोन मिनिटं नकाशा बघत होता, मग त्याने हातानेच दाखवलं, एक हात आडवा धरला आणि दुसरा त्याच्यावर आणून थांबवला. 'ही वारणा भरून आली की ती कृष्णा पुढं जाऊ शकत नाही, मागं फुगती.' पुस्तकात फुगवटा हा शब्द होता, पण त्या दिवशी तो सगळ्यांना दिसला. त्या गटातली दोन मुलं पूर आलेल्या गल्लीतली, आठ-आठ दिवस शाळेत राहिलेली, ती पण पहिल्यांदा मोकळी बोलली.

पालक_विश्रामबाग
मी शिक्षिका नाही, पालक आहे, बोललेलं चालेल ना? माझी मुलगी आठवीलाच आहे, दुसऱ्या शाळेत. ती वरच्या पोस्टमधली स्केचपेनवाली मुलगी आहे असं समजा. प्रोजेक्ट आला की रात्री ११ पर्यंत आमच्या घरात चालतो, बाकीच्या मुलांचे आईवडील नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर 'झालं का' विचारतात आणि मार्क सगळ्यांना सारखे. पोरगी आता म्हणते मला ग्रुप नको, एकटीला द्या. हिला सहकार्य शिकवायचं होतं ना, ती उलटंच शिकली. याचा विचार कृपया करा.

भूगोल_मिरज
ताई अगदी बरोबर. म्हणून गटाला मार्क द्यायचेच नाहीत. तुकडे पद्धतीत शेवटी सगळ्यांना पाच प्रश्नांची छोटी चाचणी, प्रत्येकाने एकट्याने सोडवायची आणि प्रश्न पाचही तुकड्यांवर. मग हुशार मुलीला पण दुसऱ्याचं नीट ऐकावं लागतं आणि मागच्या बाकावरच्याने आपलं नीट सांगितलं नाही तर गट त्याला सोडत नाही.

निवृत्त_गुरुजी_कराड
सगळ्यांचं वाचलं, आनंद झाला. एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. गट मुलांना पाडायला सांगू नका. 'तुमचे तुम्ही गट करा' म्हटलं की एका वस्तीची मुलं एकत्र बसतात, दुसऱ्या वस्तीची दुसरीकडे, मुली वेगळ्या आणि दोन-तीन मुलं अशी राहतात ज्यांना कुणीच घेत नाही. ती मुलं कोण असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मी ३३ वर्षांच्या नोकरीत पहिली दहा वर्षं ही चूक केली, याची मला अजून खंत आहे. एक मुलगा वर्षभर कुठल्याच गटात नव्हता आणि मला वाटायचं की तो लाजाळू आहे.

मिरजेच्या सरांनी ऑस्टिनचं सांगितलं. आपल्याकडे तर याची फार मोठी परंपरा आहे. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटील) १९१९ साली आमच्या कराड तालुक्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आली, आणि तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्माची मुलं एका पंगतीला बसायची, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम सगळं वाटून घ्यायची. भाकरी थापायची पाळी आली की कोण कुठल्या घरचा हे बघितलं जात नव्हतं. एकाने पाणी आणलं नाही तर सगळ्यांचं जेवण अडतं, तुमच्या तुकड्याचं पण तेच आहे.

तेव्हा मॅडम, हजेरीपट घ्या, रविवारी घरी शांतपणे बसा आणि नावं स्वतः मिसळा. एक वाचायला चांगला, एक बोलायला धीट, एक गप्प, एक नेहमी गैरहजर राहणारा. महिनाभर गट बदलू नका, ओळख व्हायला वेळ लागतो.

जतची_शाळा
आमची द्विशिक्षकी शाळा, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. निम्म्या घरांत कन्नड बोलतात, दिवाळीनंतर काही पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, काही आजीकडं राहतात. आमच्याकडं मोठ्या आयडिया चालत नाहीत, पण एक लई चालती ती सांगतो.

प्रश्न विचारला की हात वर करायचा नाही. आधी मनात १० पर्यंत मोजायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला. विचार-जोडी-सांगा म्हणतात याला, अमेरिकेतल्या फ्रँक लायमन नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ ला मांडलं होतं. आम्ही त्यात एक भर घातली : शेजाऱ्याला कुठल्या पण भाषेत सांगितलं तरी चालंल. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार भाग करून एक भाग दिला तर किती राहिलं, हे एक पोरगी मराठीत कधीच बोलली नव्हती. शेजारणीला मात्र कन्नडमध्ये रोट्टी, रोट्टी करत बोटानं फरशीवर गोल काढून पटापटा सांगत होती. शेजारणीनं मराठीत करून वर्गाला सांगितलं. दोन महिन्यांनी ती स्वतः उठून मराठीत बोलली, आधी शेजारणीकडं बघितलं आणि मग बोलली.

आणि ते १० मोजणं सोडू नका. मेरी बड रो म्हणून संशोधक होत्या, त्यांनी वर्गांत मोजून बघितलं होतं की बाई-गुरुजी प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात आणि जी पोरं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. मी २०१५-१६ ला साताऱ्याजवळचं कुमठे बीट (म्हणजे तिथल्या शाळांचा गट) बघायला गेलो होतो, सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम चालू झाला होता तेव्हा, राज्यातनं गाड्या भरून शिक्षक यायचे. सगळ्यांनी फरशीवर आखलेले तक्ते, माळा, खडे यांचे फोटो काढले. माझ्या ध्यानात राहिलं ते हे की तिथल्या बाई पोरांत खाली बसल्या होत्या आणि बराच वेळ काहीच बोलत नव्हत्या.

विटा_गणित
जतच्या सरांची पोस्ट दोनदा वाचली. शेजाऱ्याला सांगा हे दोन मिनिटांचं काम आहे, हे मी करू शकतो. पण वही आणि 'हो बाई' चं काय? माझा पण तोच प्रॉब्लेम आहे. वर्गात सगळं येतं, चाचणीत शून्य.

डीएड_कोरेगाव
मी अजून शिकतेय, मोठ्यांच्या मध्ये बोलते. आमच्या छात्रसेवाकाळात आम्हाला एका मॅडमनी जाता-जाता चिठ्ठी करायला लावली होती. तास संपायला पाच मिनिटं असताना प्रत्येकाने छोट्या कागदावर दोनच ओळी लिहायच्या : आज कळलेली एक गोष्ट आणि अजून अडतंय ती एक गोष्ट. दारात उभं राहून चिठ्ठी घ्यायची. मुलं पहिल्या दिवशी 'सर्व समजले' लिहितात, मग सांगायचं की 'सर्व समजले' ही चिठ्ठी चालणार नाही, प्रश्न पाहिजे. मला वाटलं होतं एवढ्या चिठ्ठ्या वाचायच्या कधी, पण वाचताना तीन ढीग करायचे फक्त, कळलंय, अर्धवट, चुकलंय. आठ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावलं होतं. चिठ्ठीवर शेरा लिहायचा नाही, मार्क नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात त्यातल्याच एका चिठ्ठीनं करायची, नाव न घेता. हे एकदा जरी चुकलं ना तर मुलांना कळतं की आपलं कुणी वाचत नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून परत 'सर्व समजले'.

भूगोल_मिरज
शेवटचा मुद्दा लाखाचा.
वहीसाठी मी हे करतो : पानावर डावीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ आणि खाली सहा ओळी सोडून आडवी रेघ. उजवीकडे नेहमीसारखं लिहायचं. डावीकडची जागा वर्गात मोकळी ठेवायची, घरी जाऊन तिथे प्रश्न लिहायचे, ज्यांची उत्तरं उजवीकडे आहेत असे. खाली दोन-तीन वाक्यांत आपल्या शब्दांत धडा. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात कॉलेजच्या मुलांसाठी काढलेली पद्धत आहे ही, सातवीपासून पुढं आरामात जमते. परीक्षेच्या आधी उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडचे प्रश्न वाचून उत्तरं द्यायची. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगणं जास्त टिकतं. विटेकर सर, चाचणीत शून्य येतं त्याचं कारण मला वाटतं हेच आहे, मुलं सोडवलेलं गणित बघून 'येतंय' म्हणतात, कोऱ्या कागदावर करून बघत नाहीत.

अडचण एकच. एकदा वही तपासायला वरून आले आणि म्हणाले निम्मं पान मोकळं सोडलंय, कागद वाया. मी मुलालाच उभं केलं, म्हटलं दाखव वापर कसा करतोस. त्याने झाकून पाच प्रश्नांची उत्तरं दिली. त्यानंतर कुणी बोललं नाही.

निवृत्त_गुरुजी_कराड
नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, समग्र प्रगती पत्रक सांगितलंय त्यात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करायचं आणि सोबत्यांनी पण करायचं असं आहे. रकाने कागदावर आले की भरले जातात. मुलाला आपल्या कामाकडे बघायची सवय लागली असेल तरच त्या रकान्यात काही खरं येईल, म्हणून ही चिठ्ठी-वहीची सवय आत्तापासून लावा.

वेण्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हटलं लिहावं. तोच धडा परत घेतला, पोर्शन चार तास मागे गेलाय, तो मी भरून काढेन.

गुरुजींनी सांगितल्यासारखे गट मी केले. ५६ म्हणजे पाच-पाचचे ११ गट आणि एक मुलगी जास्त, ती एका गटात जोडीने बसली. तुकडे : डेंग्यू, क्षयरोग, रेबीज, मधुमेह, हृदयविकार. पहिली चूक अशी झाली की एका नंबरचे ११ जण एकत्र बसवले, तो काही गट राहिला नाही, बाजार झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाच आणि सहा असे दोन भाग केले, मग जमलं. बाक हलवता येत नाहीत म्हणून तीन गट व्हरांड्यात बसवले.

चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी आली : 'डास चावून डेंग्यू होतो तर आमच्या घरात सगळ्यांना डास चावतात, मग एकट्या काकांनाच का झाला?' मी दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि थांबले, जतच्या सरांचं ऐकून मनात दहा मोजले. वर्ग इतका शांत मी कधी बघितला नव्हता. मग डेंग्यूवाल्यांनीच तुकडा परत उघडला आणि हळूहळू आलं की डास एडिस जातीचा लागतो, त्यातली मादीच चावते, तिने आधी डेंग्यू झालेल्या माणसाला चावलेलं असावं लागतं आणि तिच्या अंगात तो विषाणू वाढायला आठ-दहा दिवस जातात. एका मुलाने विचारलं, 'म्हणजे काकांना मच्छरदाणीत ठेवलं तर दुसऱ्यांना होणार नाही?' हे मी शिकवलं नव्हतं, त्याचं त्याने काढलं.

आणि एक सांगायचंच आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरची मेंढरं आहेत, आठवड्यातून दोन दिवस येत नाही. त्याच्याकडे रेबीजचा तुकडा आला, योगायोगानेच. मागच्या वर्षी त्याला कुत्रं चावलं होतं. मूळ गटात आल्यावर त्याने कागद बाजूला ठेवला आणि पँट वर करून पोटरीवरची खूण दाखवली. म्हणाला, 'आज्जी चटणी लावत हुती, आईनं लावू दिली नाही, साबण लावून नळाखाली पाय धरला, पंधरा मिंटं, मी रडत हुतो. मग सरकारी दवाखान्यात सुया. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि मग अठ्ठाविसाव्या दिवशी. मधली एक पण चुकवायची नाही.' स्केचपेनवाली मुलगी त्याचं ऐकून लिहून घेत होती. छोट्या चाचणीत रेबीजचा प्रश्न त्या गटात पाचही जणांचा बरोबर.

न जमलेलं पण सांगते. मधुमेहाचा तुकडा दोन गटांत फसला कारण ती मुलं गैरहजर होती, दुसऱ्याने नुसतं वाचून दाखवलं. डाव्या रकान्यातले प्रश्न निम्म्या वर्गाने घरून लिहून आणलेच नाहीत, आता ते शाळेतच शेवटच्या दहा मिनिटांत करून घेतेय. आणि एक मुलगी अजून एक शब्द बोललेली नाही, तिच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्यात लांब असतात.

पालक_विश्रामबाग
बाई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शाळेतल्या सरांना हा धागा पाठवलाय.

विटा_गणित
मी गेले दहा दिवस शेजाऱ्याला सांगा करतोय, वर्गसमीकरण दहावीच्या पोरांना. एवढं कळलं की मला वाटत होतं त्यापेक्षा कमी मुलांना येत होतं, जोड्यांमधून फिरताना कानावर येतं ना. दोन तास मागे जाऊन अवयव पाडणं परत घेतलं. वेण्णाकाठ मॅडम, गैरहजर मुलाच्या तुकड्यासाठी प्रत्येक नंबरला एक राखीव मूल ठेवा, तुमच्या त्या ५६ व्या मुलीसारखं.
चिठ्ठ्यांना कागद कुठून आणता? रोज ५६ म्हणजे बरेच लागतात.

डीएड_कोरेगाव
मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी राहिलेली पानं सर, एका पानाचे आठ तुकडे. मुलंच शनिवारी फाडून बंडल करून ठेवतात.

वेण्णाकाठ
राखीव मुलाची कल्पना पुढच्या धड्याला करते. 'बल व दाब' आहे, तुकडे कसे पाडायचे यावर कुणी काही केलं असेल तर सांगा, सोमवारी घ्यायचंय.